बंपरपासून शंभर फूट

फोन आला तेव्हा मिस्त्री चौकात बाणाचं टोक भरत होता. किटलीतला रंग गरम होता, आणि रस्त्यावर मारायचा रंग मध्येच सोडला तर थिजून दगड होतो, म्हणून पहिला फोन त्याने वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा खिशातून काढून पाहिला. बायकोचा नंबर. दुपारचे सव्वादोन. या वेळेला ती कधी फोन करत नसे. या वेळेला ती सिगारेट ओढत असे.

"काय गं?"

बोलली ती बायको नव्हती. हॉस्पिटलच्या लाँड्रीत बायकोबरोबर चादरींच्या घड्या घालणारी बाई होती, जिला सगळे उंचाडी म्हणत.

"मिस्त्री, लवकर या. लाइनीपाशी या."

"कुठल्या लाइनीपाशी?"

"तुमच्या," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तो पोहोचला तेव्हा बायकोला हॉस्पिटलच्या आत नेलं होतं आणि आत नेऊन काही उपयोग नव्हता हेही ठरलं होतं. रस्त्यावर एक सामानाची गाडी आडवी उभी होती. तिचा ड्रायव्हर फूटपाथच्या कडेला बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "वळणावरून आलो हो, दिसल्याच नाहीत." त्याच्यापासून हातभर अंतरावर मिस्त्रीची पिवळी रेघ होती. आठ महिन्यांपूर्वी मारलेली. तीस फूट लांब, सहा इंच रुंद, एका सरळ रेषेत, कुठे फुगवटा नाही की थेंब नाही. रेघेपाशी बायकोची एक चप्पल पडली होती.

आत तिच्या अंगावर चादर होती. तिच्याच लाँड्रीतली. चादरीला मधोमध चुणी होती. ही चादर घाईत कुणीतरी एकट्याने घडी केली असणार. दोघींनी दोन टोकं धरून घडी केली की चुणी पडत नाही, हे मिस्त्रीने तिच्याकडून हजार वेळा ऐकलं होतं. तो चुणी हाताने सरळ करत बसला. नर्सने दोनदा सांगितलं तरी उठला नाही.

ती रेघ तिथे कशी आली हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सरकारचा हुकूम निघाला होता की हॉस्पिटलच्या कुठल्याही दारापासून शंभर फुटांच्या आत कुणी धूम्रपान करायचं नाही. कर्मचारी असो, पेशंट असो, पेशंटचा नातेवाईक असो. प्रत्येक दारासमोर शंभर फुटांवर पिवळी रेघ मारायची आणि रेघेच्या बाहेरच ओढायची. आत सापडला तर दंड आणि कर्मचाऱ्याच्या नोंदवहीत लाल शेरा. रेघा मारायचं काम पालिकेच्या रस्ते विभागाकडे आलं, म्हणजे मिस्त्रीकडे. गावातले सगळे पट्टे तोच मारत असे. तीस वर्षं मारत होता.

मागचं दार लाँड्रीचं. त्या दारापासून कुंपणाची भिंत पंच्याऐंशी फूट. भिंतीबाहेर वीस फुटांचा फूटपाथ, त्यावर एक झाड आणि झाडाखाली बाक. मग तीस फूट रस्ता. म्हणजे शंभर फूट बरोबर मोजले असते तर रेघ बाकाच्या पायाशी पडली असती, आणि बाया बाकाच्या कडेला सावलीत उभं राहून ओढून आल्या असत्या. रस्त्यावर पाऊल टाकायची गरज नव्हती.

पण मोजायच्या दिवशी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांची गाडी त्या दारासमोर उभी होती. नाक दाराच्या पायरीला टेकलेलं. काचा वर, आत ड्रायव्हर झोपलेला. टेपचं टोक धरायला आरोग्य निरीक्षक आले होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे पाहिलं.

"साहेबांच्या ड्रायव्हरला कोण उठवणार?" ते म्हणाले. "इथूनच धरू." आणि त्यांनी टेपची कडी गाडीच्या मागच्या बंपरला अडकवली.

हलणाऱ्या वस्तूवरून माप घ्यायचं नाही. माप भिंतीवरून घ्यायचं, नाहीतर दगडावरून. या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. मिस्त्रीने तोंड उघडलं आणि मिटलं.

का मिटलं, हे त्याने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. साहेबाची भीती होती, नाही असं नाही. पण खरं कारण वेगळंच होतं. लग्न झाल्यापासून तो बायकोच्या सिगारेटच्या मागे लागला होता. शपथा घालून झाल्या, रुसून झालं, पाकीट लपवून झालं. तिच्या दिवसाला दोन ठरलेल्या, एक दुपारी, एक घरी आल्यावर. दोनाच्या कधी तीन झाल्या नाहीत आणि दोनाची कधी एक झाली नाही. त्याला वाटलं, आपल्याला जमलं नाही ते सरकारला जमतंय तर जमू दे. चार पावलं जास्त पडली तर बरंच. चालून चालून कंटाळेल आणि सोडेल.

बंपरपासून शंभर फूट रस्त्याच्या मधोमध आले. निरीक्षक म्हणाले, "रस्त्यात रेघ मारून कसं चालेल? सरकवा पलीकडच्या फूटपाथवर. कमी नको, जास्त चालेल." मिस्त्रीने सरकवली.

त्या संध्याकाळी बायकोला हे सगळं त्यानेच सांगितलं, हसत हसत. तीही हसली. खूप हसली.

"म्हणजे साहेबांच्या गाडीची लांबी मी रोज पायाने भरायची? वर रस्ता फुकट!"

"मग सोड ना."

"अहो, तुमच्यासारख्या नवऱ्यासाठी सोडली नाही, ती सरकारसाठी सोडू? घरात सासू नव्हती म्हणून खुशीत होते मी. आता सरकारने एक पाठवून दिली." मग तिचा आवाज बदलला. "आठ वर्षं झाली, इस्त्रीच्या रोलरच्या वर पंखा लावा म्हणून अर्ज दिलाय. वाफेने कातडी सोलून निघते. सोड्याच्या पाण्याने नखं गेली उंचाडीची. ते कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. माझ्या दोन सिगारेटी बरोबर दिसल्या! माझी एवढी काळजी असेल तर पंखा लावा म्हणावं आधी."

बाकीच्यांनी वाट काढली होती. पाण्याच्या टाकीमागे आडोशाला उभं राहून सगळे ओढत, रखवालदारसुद्धा त्यांच्यातच. ती एकटी रस्ता ओलांडून जाई. उंचाडी म्हणायची, "अगं, टाकीमागे ये की, कोण बघतंय?" तर ही म्हणायची, "चोरून ओढायला मी काय सोळा वर्षांची आहे? आणि आमच्या ह्यांनी मारलीय ती रेघ. दुसऱ्या कुणी मारली असती तर पायाने पुसली असती." हे मिस्त्रीला उंचाडीने सांगितलं, पण बायको गेल्यावर तिसऱ्या दिवशी.

दहाव्या दिवशी चौकशीचा कागद आला. 'सदर महिला कर्मचारी धूम्रपानाच्या वैयक्तिक कारणासाठी स्वेच्छेने परिसराबाहेर गेली असता' असं त्यात होतं. मिस्त्रीने कागद दोनदा वाचला. 'स्वेच्छेने' या शब्दाशी थांबला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच उठून निरीक्षकांच्या कार्यालयात गेला. टेप बरोबर नेली होती.

"या मिस्त्री, बसा," निरीक्षक म्हणाले. "वाईट झालं. फार वाईट."

"साहेब, रेघ चुकली आहे. मी चुकवली आहे. पस्तीस फूट जास्त आहे. चला, आत्ता मोजून दाखवतो."

निरीक्षकांनी उठून दार लोटून घेतलं. मग फाइल उघडून त्याच्यासमोर फिरवली. "हे बघा. मागील दार, शंभर फूट. खाली माझी सही, शेजारी तुमची. कागदावर शंभर आहे."

"कागदावरून चालत गेली असती तर जगली असती. ती रस्त्यावरून गेली."

"तुमचं दुःख मी समजू शकतो..."

"दुःख राहू द्या बाजूला. तुम्ही कडी कुठे अडकवली होती? बोला. बंपरला की नाही?"

"मला आता तसं नेमकं आठवत नाही," निरीक्षक म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. "आणि तुम्ही असं बोलत सुटलात ना मिस्त्री, तर खोट्या मापावर सही केली म्हणून पहिलं कोण जाईल? तुम्ही. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. कशाला उकरता? हा नियम लोकांच्या भल्यासाठीच आहे. वहिनींच्याही भल्यासाठीच होता."

मिस्त्रीने मान वर केली. निरीक्षकांच्या मागे भिंतीवर एक तक्ता होता. 'तंबाखूमुळे झालेले मृत्यू, या वर्षी.' महिन्यांचे रकाने, त्यांत आकडे. या महिन्याच्या रकान्यात कालपरवाच बदललेला आकडा ताज्या शाईत होता.

"यात ती आहे?" त्याने विचारलं.

निरीक्षकांनी मान वळवली आणि परत फिरवली. "त्याचं काय आहे, फॉर्ममध्ये विचारतात, मृत व्यक्ती तंबाखू सेवन करत होती का, मृत्यूच्या वेळी करत होती का. दोन्हीला हो आलं की तो रकाना आपोआप..."

"गाडीखाली आली ती!"

"हो, पण रस्त्यावर का गेली? धूम्रपानासाठी. कारण शोधताना मागे मागे जावं लागतं ना."

"मग आणखी थोडं मागे जा," मिस्त्री ओरडला. टेबलावरचा पेला हलला. "थांबलात का? साहेबांच्या बंपरपर्यंत जा!"

बाहेरच्या शिपायाने दार उघडून पाहिलं. मिस्त्री टेप उचलून निघाला. आयुष्यात कधी कुणा साहेबावर त्याने आवाज चढवला नव्हता. बायको असती तर म्हणाली असती, फुटला का कंठ एकदाचा, तीस वर्षं उशिरा.

मुलगी सासरहून येऊन राहिली होती. तिला त्याने घडलेलं सांगितलं. ती भाजी चिरत होती, ती थांबली.

"बाबा, सोडून द्या हे. आई परत येणार आहे का?"

"तिला तंबाखूच्या तक्त्यात घातलंय गं त्यांनी."

"पण ओढत होतीच ना ती? आणि तुम्हाला तरी कुठे आवडत होतं? नियम आला तेव्हा सगळ्यांत खूश तुम्ही होतात. मला फोन करून सांगितलंत, आता बघ कशी सुटते ते."

खरं होतं ते. मिस्त्री म्हणाला, "मला आवडत नव्हतं ते मी तिला तोंडावर सांगत होतो. ती मला तोंडावर उत्तर देत होती. घरातलं भांडण होतं आमचं. ते मी सरकारच्या हातात दिलं. आणि सरकार भांडत नाही गं, ते रेघ मारतं आणि निघून जातं."

मुलगी पुन्हा भाजी चिरायला लागली.

त्याने अर्ज लिहिला. साध्या शब्दांत, एका पानात. रेघ अमुक दिवशी मी मारली, माप गाडीवरून घेतलं, चूक माझी आहे, शिक्षा करायची ती करा, पण रेघ काढून बाकापाशी मारा म्हणजे दुसऱ्या कुणाला रस्ता ओलांडावा लागणार नाही. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. 'अभिलेखांची तपासणी केली असता अंतर शंभर फूट असल्याचे आढळून आले. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' अभिलेख म्हणजे तीच फाइल, ज्यात त्याची स्वतःची सही होती. मोजायला रस्त्यावर कुणी पाय ठेवला नव्हता. त्याची सही घेऊन त्यालाच खोटं पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने रजा टाकली. गॅसची बत्ती, लांब दांड्याचं पातं आणि टेप घेऊन तो दुपारी दोनला लाँड्रीच्या दारात गेला. लपूनछपून नाही, भर उन्हात, चहाच्या सुट्टीच्या वेळेला. उंचाडी बाहेर आली. तिच्या मागे आणखी चारपाच बाया आल्या.

"काय करताय मिस्त्री?"

"मोजतोय. टोक धराल?"

साहेबांची गाडी आजही तिथेच होती. नाक पायरीला टेकलेलं. आत तोच ड्रायव्हर. मिस्त्री गाडीजवळ गेला. क्षणभर थांबला. मग बोटाने काचेवर टकटक केली. काच खाली आली.

"जरा गाडी मागे घेता का? माप घ्यायचंय."

"हो, घेतो की," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याने गाडी मागे घेऊन भिंतीकडेला लावली. "एवढी पुरे का आणखी घेऊ?"

मिस्त्रीने मान हलवली. जेमतेम एक मिनिट लागलं होतं. उंचाडीने टेपची कडी पायरीच्या भिंतीवर दाबून धरली. तो टेप सोडत फाटकातून बाहेर फूटपाथवर गेला. शंभरचा आकडा बाकाच्या पुढच्या पायापाशी आला. त्याने खडूने खूण केली.

"इथे," तो म्हणाला. "इथून पुढे कुणालाही हक्क आहे. त्यांच्याच हुकुमाने."

उंचाडी टेप टाकून तिथे आली. खडूच्या खुणेपलीकडे उभी राहिली. कमरेला खोचलेलं पाकीट काढून तिने एक सिगारेट पेटवली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

"कशी जागा आहे?" मिस्त्रीने विचारलं.

"सावली आहे हो," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "मेली रोज म्हणायची, बाकापाशी असती तर दोन मिनिटं बसून ओढली असती."

मिस्त्री रस्ता ओलांडून गेला. बत्ती पेटवली. रेघेच्या डाव्या टोकापासून त्याने सुरुवात केली. हा रंग पुसून जात नाही. तापवायचा, मऊ झाला की पातं घालून उचलायचा. वीतभर तापवायचा, वीतभर उचलायचा. रंगातली काचेची पूड उन्हात चमकत होती. त्याने काम चोख केलं होतं तेव्हा. नको इतकं चोख. रंग दगडाला धरून बसला होता आणि पातं मारताना त्याच्या तोंडून शिव्या निघत होत्या. आधी सरकारला, मग निरीक्षकाला, मग मोठ्या साहेबाला, मग त्याच्या गाडीला. शेवटी स्वतःला, आणि त्या सगळ्यांत मोठ्या होत्या.

आधी रखवालदार आला. "मिस्त्री, हे सरकारी आहे."

"मारली तेव्हा मीच सरकारी होतो. काढतोय तेव्हाही मीच आहे. तू जा टाकीमागे ओढायला."

बाया हसल्या. रखवालदार गेला तो निरीक्षकांना घेऊन आला. ते हॉस्पिटलकडच्या फूटपाथवरूनच ओरडले, "मिस्त्री! थांबवा हे! सार्वजनिक मालमत्ता आहे ती!"

"मग ये ना इकडे," मिस्त्री म्हणाला. निरीक्षकांना त्याने पहिल्यांदाच अरेतुरे केलं. "रस्ता ओलांडून ये. बघ कसा लागतो ओलांडायला. वळणावरून गाडी येते, सांभाळून ये."

निरीक्षकांनी वळणाकडे पाहिलं. ते आले नाहीत. त्यांनी तिथूनच फोन लावला. उंचाडी त्यांच्या शेजारीच, खुणेपलीकडे उभी होती. तिने धूर बाजूला सोडला आणि म्हणाली, "साहेब, तुमच्या पायाखाली बघा. शंभर फूट. तुम्ही आत उभे आहात, मी बाहेर."

वीसेक मिनिटांनी पोलीस आले. दोघे होते, दोघेही नीट वागले. एकाने बत्ती बंद केली, दुसऱ्याने पातं हातातून घेतलं. म्हाताऱ्याच्या हाताला पोळलंय, असं तो आपल्या जोडीदाराला म्हणाला. मिस्त्रीने हात मागे घेतला नाही. गाडीत बसण्याआधी त्याने टेप मागितली आणि उघडी पडलेली जागा मोजली.

आता त्याच्यावर दोन चौकशा चालू आहेत, एक पालिकेची, एक पोलिसांची. बत्ती आणि पातं ठाण्यात जमा आहेत. खडूची खूण पुसली गेली की उंचाडी ती पुन्हा करते, आणि निरीक्षक आले की पुसायला लावतात. तक्त्यावरचा आकडा तसाच आहे. रेघ तीस फूट होती, त्यातली एकोणीस निघाली. अकरा फूट काढायची राहिली आहे.